नवोदयची परीक्षा : आईबापांनी समजून घ्यावे असे काही

मुलगा पाचवीत जातो. एक दिवस शाळेतून घरी निरोप येतो, "नवोदयचा फॉर्म भरायचा आहे. कागद घेऊन या." बाप डवऱ्यावर असतो. आई निंदणाला गेलेली असते. संध्याकाळी दोघे घरी येतात. मुलगा सांगतो. बाप विचारतो, "हे नवोदय म्हनजे काय हाये?" मुलाला ते नीट सांगता येत नाही. ओट्यावर बसलेला शेजारी म्हणतो, "मोठ्या लोकायचं काम हाये ते. आपल्या पोराचा नंबर कुठी लागते!" झाले. फॉर्म तसाच राहतो. तारीख निघून जाते.

आष्टी तालुक्यातल्या गावांत बसता-उठता आम्ही ही गोष्ट पुष्कळदा ऐकली. साहूरकडे ऐकली, अंतोऱ्याकडे ऐकली. ज्याला ही परीक्षा ठाऊक आहे तो आपल्या मुलाला बसवतो. ज्याला ठाऊक नाही त्याचा मुलगा हुशार असूनही मागे राहतो. आता तुम्ही वाचू लागला आहात. तेव्हा ही परीक्षा काय आहे, ते तुम्हीच वाचून घ्या.

नवोदय ही सरकारी शाळा आहे. तिचे पूर्ण नाव जवाहर नवोदय विद्यालय. केंद्र सरकार ती चालवते. मुले तिथेच राहतात, तिथेच जेवतात, तिथेच शिकतात. मुलांचे वसतिगृह वेगळे, मुलींचे वेगळे. पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ साली निघाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या शेजारच्या अमरावतीला. म्हणजे वर्धा नदी ओलांडली की पलीकडेच. मग १९८६ सालच्या शिक्षण धोरणाने ठरवले की अशी शाळा जिल्ह्याजिल्ह्यात काढायची. खेड्यातल्या हुशार मुलाला, बापाजवळ पैसा असो वा नसो, चांगले शिक्षण मिळावे, हा त्यातला हेतू. आज देशात अशी साडेसहाशेच्या वर विद्यालये आहेत. आपल्या वर्धा जिल्ह्याचे विद्यालय वर्ध्याजवळ सेलुकाटे येथे आहे.

तिथे राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके, सारे फुकट. सहावी, सातवी, आठवीला फी नाही. नववी ते बारावीला महिन्याला ६०० रुपये विकास निधी म्हणून घेतात. पण मुलींना तो माफ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना माफ आहे. अपंग मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतील मुलांनाही माफ आहे. सरकारी नोकरी करणाऱ्याच्या मुलांना मात्र जास्त पडतो. आपल्यापैकी फार थोड्यांना ती चिंता असेल!

आता अडचण कुठे आहे ते पाहा. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात. जिल्ह्याचे तालुके आठ. नुसता भागाकार केला तरी तालुक्यामागे दहा मुले येतात. हा हिशोब फक्त समजण्यापुरता. पण त्यावरून जागा किती थोड्या आहेत हे ध्यानात येईल. मुले पुष्कळ आणि जागा थोड्या, म्हणून परीक्षा घ्यावी लागते. इथे पास आणि नापास नाही. शाळेच्या परीक्षेत ३५ गुण मिळाले की मुलगा पास होतो. इथे तसे नाही. इथे गुणांप्रमाणे मुलांची रांग लावतात. जितक्या जागा तितकी मुले घेतात. पुढच्या मुलाला घेतले आणि मागच्याला घेतले नाही, तर त्या दोघांत कधी कधी एकाच प्रश्नाचा फरक असतो. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडेल.

या ८० जागांपैकी निदान पाऊण हिस्सा, म्हणजे ६० जागा, खेड्यातल्या मुलांच्या असतात. निदान एक तृतीयांश जागांवर मुली घ्याव्याच लागतात. म्हणजे ८० पैकी सत्तावीसच्या आसपास. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यांना राखीव जागा आहेत. इतर मागासवर्गाची जात केंद्र सरकारच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत असून भागत नाही. दाखला काढताना हे आधी विचारून घ्या. नाही तर निवड झाल्यावर धावपळ होते.

एका दिवसाने काय बिघडते

खेड्यातल्या मुलासाठी ६० जागा आहेत हे खरे. पण खेड्यातला मुलगा कोणाला म्हणावे? सातबारा खेड्यात आहे, घर खेड्यात आहे, म्हणून मुलगा ग्रामीण ठरत नाही. तो कोणत्या शाळेत शिकला, ते पाहतात. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तीन वर्षे त्याने ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण काढलेली असावी लागतात. या तीन वर्षांत तो एक दिवस जरी शहरातल्या शाळेच्या पटावर होता, तरी तो शहरी मुलगा धरला जातो.

एक दिवस! हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. तळेगावच्या स्टँडवर आमची एका गृहस्थाशी भेट झाली. त्यांनी मुलाला तिसरीत एका शहरातल्या शाळेत घातले होते. मुलगा रडू लागला, म्हणून दिवाळीला परत आणला. "चारच महिने होता जी," ते म्हणाले. चार महिने असो की चार दिवस, नियमापुढे सारखेच. मुलगा परीक्षेला बसू शकतो. पण ग्रामीणच्या ६० जागांत त्याला मोजत नाहीत. उरलेल्या २० जागा सर्वांना खुल्या असतात. तिथे शहरातली मुले असतात आणि खेड्यातलीही. त्यांच्या जोडीने त्याला उतरावे लागते.

खुद्द आष्टीच्या लोकांनी इथे अधिक सावध राहिले पाहिजे. आष्टीत पूर्वी ग्रामपंचायत होती. आता नगर पंचायत आहे. गाव तेच, माणसे तीच, पण सरकारी कागदावर फरक पडतो. अर्ज भरण्याच्या दिवशी सरकारच्या अधिसूचनेत जो भाग शहरी आहे तो शहरी, बाकीचा ग्रामीण, असा नियम आहे. तेव्हा आष्टीतल्या शाळेत शिकणारे मूल कशात मोडते, हे पारावर ऐकून ठरवू नका. मुख्याध्यापकांना विचारा. त्यांना खात्री नसेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारा. मूल दुसरीत असतानाच विचारले तर फार बरे. पाचवीत विचारून काय उपयोग?

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. आपल्याकडच्या सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांना. मामा मोर्शीला, आत्या वरुडला. "मामाच्या घरी अभ्यास चांगला होते," म्हणून मुलाला तिकडे ठेवतात. पण मोर्शी आणि वरुड अमरावती जिल्ह्यात आहेत. ज्या जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करायचा, त्याच जिल्ह्यात मुलाने पाचवीत शिकत असले पाहिजे आणि त्याच जिल्ह्यात त्याचे राहणे असले पाहिजे. आईबापाच्या रहिवासाचा दाखलाही त्याच जिल्ह्याचा लागतो. शाळा एका जिल्ह्यात आणि घर दुसऱ्यात, अशाने मूल दोन्हीकडून जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत कडक. सहावीची ही परीक्षा मुलाला जन्मात एकदाच देता येते. दुसरी खेप नाही. "या वर्षी पाहू, नाही जमलं तर पाचवीतच ठेवू आन पुढच्या साली बसवू," असे कोणी म्हणेल तर ऐकू नका. पाचवीत दुसऱ्यांदा बसलेल्या मुलाला घेत नाहीत. जन्मतारीख बदलून आणण्याचा सल्ला देणारेही भेटतात. तो सल्ला तर मुळीच ऐकू नका. कागद तपासताना लबाडी उघडी पडली की निवड रद्द होते. आणि मुलासमोर आपण खोटे वागलो, ते वेगळेच. वयाची मर्यादा साधारण दहा ते बारा वर्षांची असते. जन्म कोणत्या तारखेच्या आत-बाहेर हवा, ते दर वर्षीच्या पत्रकात छापतात.

फॉर्म आणि सही

फॉर्म साधारण पावसाळ्याच्या तोंडी निघतो. परीक्षा हिवाळ्यात होते. तारखा दर वर्षी मागे-पुढे होतात, म्हणून आम्ही त्या इथे देत नाही. उन्हाळा संपून शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात गुरुजींना विचारावे.

फॉर्मला पैसे लागत नाहीत. फॉर्म आता कॉम्प्युटरवर भरतात. शाळेत भरून दिला तर उत्तमच. बाहेर दुकानात भरला तर दुकानदार आपल्या मेहनतीचे चार पैसे घेईल, ते त्याचे. पण "मी नंबर लावून देतो, इतके हजार द्या," असे म्हणणारा भेटला तर तो ठग आहे असे समजा. या परीक्षेत नंबर कोणाला लावून देता येत नाही.

फॉर्मसोबत मुख्याध्यापकांच्या सहीचा एक दाखला लागतो. त्यावर मुलाचा फोटो असतो. मूल कोणत्या वर्षी कोणत्या शाळेत कोणत्या वर्गात होते, ते त्यात लिहिलेले असते. खाली मुलाची सही आणि आईची किंवा बापाची सही लागते.

इथे आम्ही जरा थांबतो. सही करणे म्हणजे नुसते नाव काढणे नव्हे. वर जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, असा तिचा अर्थ. तेव्हा आधी वाचा. हळूहळू वाचा, दुकानदाराला घाई असली तरी. मुलाचे नाव शाळेतल्या नावाप्रमाणेच आहे का? जन्मतारीख बरोबर आहे का? ग्रामीण की शहरी, त्या जागी काय आहे? जात बरोबर आहे का? आणि परीक्षा कोणत्या भाषेत द्यायची, तिथे 'मराठी' लिहिले आहे का? परीक्षा मराठीतून देता येते. पण फॉर्मवर जी भाषा पडली त्याच भाषेची प्रश्नपत्रिका मुलाच्या हातात येते.

एका मुलीची गोष्ट आम्ही ऐकली. फॉर्म भरणाऱ्याच्या हातून भाषेच्या जागी 'इंग्रजी' राहून गेले. कोणी वाचले नाही. मुलगी वर्षभर मराठीतून तयारी करत होती. परीक्षेला बसली आणि कागद पाहून रडायला लागली. शेवटची तारीख झाल्यावर दोन-चार दिवस दुरुस्तीची खिडकी उघडतात. भाषा, जात, ग्रामीण-शहरी, अशा काही गोष्टी तेव्हा बदलता येतात. त्या दिवसांत कोणी फॉर्म पाहिला असता, तर तिचे वर्ष वाचले असते. भरलेल्या फॉर्मचा छापील कागद घरी आणा. दिव्याखाली बसून मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. चूक असेल ती सापडेल.

सवाईचा पाढा

आता परीक्षेत काय असते ते पाहू.

प्रश्न ८०. वेळ दोन तास. गुण १००. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा गुण. घरात म्हातारे आजोबा असतील आणि त्यांनी जुन्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी घोकली असेल, तर त्यांना विचारा. ऐंशी सव्वा शंभर, ते लगेच सांगतील. एका प्रश्नाला वेळ मिळतो दीड मिनिट. अपंग मुलांना ४० मिनिटे जास्त देतात.

प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे छापलेली असतात. त्यांतले एक बरोबर. मुलाने ते शोधायचे आणि उत्तराच्या कागदावर त्या उत्तराचे गोल शाईने भरायचे. लिहायचे काही नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही गोल रिकामे सोडू नये, हे मुलाला शंभरदा सांगा. येत नसेल तरी जे बरे वाटते ते भरावे.

प्रश्नांचे तीन भाग आहेत. ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, २० गणिताचे, २० भाषेचे. अर्धे प्रश्न पहिल्याच भागाचे आहेत, म्हणून तोच आधी समजून घेऊ.

मानसिक क्षमता हे नाव जड आहे. आत मात्र नुसत्या आकृत्या असतात. चार आकृत्यांत वेगळी कोणती? अर्धी आकृती दिली, उरलेला तुकडा कोणता? ही आकृती आरशात कशी दिसेल? कागदाची घडी घालून भोक पाडले, कागद उघडल्यावर भोके कुठे दिसतील? मोठ्या आकृतीत ही लहान आकृती लपली आहे, ती कुठे? यात वाचायचे फार थोडे असते. पाहायचे असते.

एक बाई आम्हांला म्हणाल्या, "मले तं अक्षरबी आता आता समजाले लागलं. मी काय शिकवनार पोरीले?" आम्ही त्यांच्या अंगणाकडे बोट दाखवले. अंगणात ठिपक्यांची रांगोळी होती. आम्ही म्हटले, "बाई, ही रांगोळी तुम्हीच काढली ना? हिचा एक कोपरा पुसून टाका आणि मुलीला म्हणा, उरलेल्या तीन कोपऱ्यांवरून चौथा काढ. परीक्षेत हेच विचारतात." बाई हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसे केले. मुलीला ते खेळासारखे वाटले.

गणपतीला पताका कापतात ना, तसा एक कागद घ्या. एकदा घडी घाला, पुन्हा एकदा घाला. चार पदर झाले. कात्रीने एक भोक पाडा. उघडायच्या आधी मुलाला विचारा, "किती भोके होतील? कुठे होतील?" मग उघडून दाखवा. चार होतात. घडी तिरपी घातली तर जागा बदलतात. आरशासमोर उभे करा आणि उजवा कान धरायला सांगा. आरशातल्या मुलाने कोणता धरला? वही आरशासमोर धरून त्यातली अक्षरे पाहायला लावा. घरात बसून इतके शिकवता येते. याला पैसा लागत नाही आणि आईबाप पदवीधर असावे लागत नाहीत.

गणित पाचवीपर्यंतचेच असते. बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, लांबी, वजन, वेळ, पैसे, नफा-तोटा, क्षेत्रफळ. पण प्रश्न थोडा वळवून विचारतात. आमच्या मनाचा एक प्रश्न घ्या :

सहा डझन संत्री ४० रुपये डझनाने घेतली. त्यांतली १२ सडली. उरलेली ५ रुपयांना एक याप्रमाणे विकली. नफा किती? (अ) १२० रुपये (ब) ६० रुपये (क) ४८ रुपये (ड) २० रुपये.

सहा डझनांचे झाले २४० रुपये. संत्री ७२. सडली १२, उरली ६०. साठ पंचे तीनशे. नफा ६० रुपये. उत्तर (ब). पण ज्याने सडलेली संत्री वजा केली नाहीत, त्याला ३६० रुपये मिळालेले दिसतील आणि नफा दिसेल १२० रुपये. ते उत्तरही (अ) म्हणून तिथे हजर आहे! मुलाला वाटते, माझे उत्तर कागदावर आहे, म्हणजे बरोबर आहे. इथेच पुष्कळ मुले फसतात. आपल्या भागात संत्र्याचा आणि कापसाचा हिशोब घरोघरी चालतो. व्यापारी आला, वजन झाले, कट्टी कापली, की मुलाला जवळ बसवा. "किती झाले, सांग बरं." बाजाराचा हिशोब मुलाला करू द्या, चुकला तरी रागावू नका.

भाषेच्या भागात चार उतारे असतात. प्रत्येकावर पाच प्रश्न. उतारा वाचून समजला पाहिजे, एवढेच. पाठांतराचे इथे काम नाही. रोज एक पान मोठ्याने वाचण्याची सवय असली की हा भाग सोपा जातो. आता तर घरात दोन वाचणारे आहेत, मूल आणि तुम्ही. एका दिवशी त्याने वाचावे, एका दिवशी तुम्ही. ऐकणाऱ्याने प्रश्न विचारावा.

शिकवणी वर्ग लावावा का, असे पुष्कळ जण विचारतात. आमचे मत असे की शाळेतले गुरुजी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेत असतील तर वर्गाची गरज नाही. आकृत्यांचा सराव हवा, हे खरे. तो रोज अर्धा तास झाला तरी पुरतो. वर्गासाठी कर्ज काढू नये. आणि मुलाला त्यासाठी शहरात तर हलवूच नये. वर सांगितलेला एक दिवसाचा नियम आठवा.

आणखी एक सराव घरी करून घ्यावा, तो गोल भरण्याचा. हे क्षुल्लक वाटते, पण यात चांगली चांगली मुले चुकतात. मुलगा बारावा प्रश्न सोडून तेराव्याकडे जातो आणि तेराव्याचे उत्तर बाराव्याच्या गोलात भरतो. सदऱ्याची एक गुंडी चुकली की पुढच्या साऱ्या चुकतात, तसे होते. शाईने भरलेले गोल पुसता येत नाही, बदलता येत नाही. म्हणून वहीत गोल काढून, निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने भरायला शिकवा. पेन्सिल चालत नाही. प्रत्येक गोल भरण्याआधी प्रश्नाच्या नंबरावर बोट ठेवायला सांगा.

परीक्षेच्या दिवशी घाई नको. वेळ अलीकडे साडेअकराची असते, पण तासभर आधी पोचावे लागते. प्रवेशपत्र कॉम्प्युटरवरून आधीच काढून ठेवा. दोन बॉलपेन द्या. सकाळी मुलाला पोटभर खाऊ घाला. केंद्र कुठे आहे ते आदल्या दिवशी पाहून या. आणि मूल बाहेर आले की पहिलाच प्रश्न "किती सुटले?" असा विचारू नका. आधी पाणी द्या.

निकाल लागल्यावर

निवड झाली तर आनंदच आहे. पण त्या आनंदात एक गोष्ट मागे पडते. दहा-अकरा वर्षांचे मूल घर सोडून जाणार असते.

"एवढंसं लेकरू, थे रात्री उठते तं मलेच शोधते," असे एक माय म्हणाली. तिला काय उत्तर द्यावे? काही मुले आठवड्यात रुळतात. काही सहा महिने रडतात. काही परतही येतात. म्हणून फॉर्म भरण्याआधीच मुलाशी बोला. तुझी इच्छा आहे का, ते विचारा. तिथे आपले कपडे आपणच आवरावे लागतील, घरी सुटीतच यायला मिळेल, हे त्याला सांगा. मामाच्या घरी दोन-चार दिवस एकटे राहायला पाठवून पाहा. पण पाचवी चालू असताना त्याची शाळा मात्र बदलू नका. मुलगी असेल तर शेजारीपाजारी बोलतात, "पोरीले काहून धाडता?" जी मुलगी इतक्या मुलांतून निवडून आली, तिची जागा शेजाऱ्याच्या बोलण्यावरून सोडायची का, ते तुम्ही ठरवा. आम्ही तर सोडली नसती.

आणखी एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. नववीत गेल्यावर वर्गातली शंभरातली तीस मुले एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या मुलखातल्या नवोदयमध्ये पाठवतात. तिकडची मुले इकडे येतात. मुलांनी एकमेकांची भाषा शिकावी, देश पाहावा, हा हेतू. तुमच्या मुलावर ती पाळी येऊ शकते. सुरुवातीच्या वर्गांत शिक्षण आपल्या भाषेतून असते, पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून होते. हे माहीत असले म्हणजे मागाहून धक्का बसत नाही.

आणि निवड झाली नाही तर? जागाच ८० आहेत. तेव्हा बहुतेक घरांत हाच निकाल येणार. त्या दिवशी बाप मुलाला म्हणतो, "तू नापास झाला." आम्ही वर काय सांगितले होते? इथे नापास नाही. रांगेत एक्याऐंशीवा उभा राहिलेला मुलगा मूर्ख असतो का?

इंग्लंडमध्ये १९४४ सालच्या कायद्यानंतर अकरा वर्षांच्या मुलांची अशीच परीक्षा घेत. निवडलेली मुले ग्रामर स्कूल नावाच्या शाळांत जात, उरलेली दुसऱ्या शाळांत. पुढे तिथल्या लोकांनीच तक्रार केली की अकराव्या वर्षी एका दिवसात मुलाचे भविष्य ठरवू नये, त्याच्या मनाला ते जन्मभर लागते. १९६० आणि १९७० च्या दशकांत बहुतेक ठिकाणी ती परीक्षा बंद झाली. केंटसारख्या काही भागांत अजून आहे. आपल्याकडची परीक्षा तशी नाही. इथे न निवडलेले मूल आपल्या त्याच शाळेत सहावीला जाते आणि त्याच मास्तरांकडे शिकते. पण घरात त्याला काय बोलतात, यावर पुष्कळ अवलंबून असते. केलेला अभ्यास कुठे जात नाही. तोच पुढच्या परीक्षांना कामी येतो.

पुढच्या परीक्षा आहेत. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ती पूर्वी चौथी-सातवीत होती, २०१७ पासून पाचवी-आठवीत झाली. इयत्ता अशा बदलत असतात, म्हणून शाळेत विचारावे. सैनिकी शाळेचीही सहावीला परीक्षा असते. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ सालची, देशातली पहिली. आपल्या विदर्भात चंद्रपूरला २०१९ साली एक निघाली. आता तिथे मुलींनाही घेतात. मात्र त्या शाळांना फी पडते. आदिवासी मुलांसाठी एकलव्य निवासी शाळा आहेत, त्यांचीही सहावीला वेगळी परीक्षा असते.

नवोदयचेही दार पुरते बंद होत नाही. काही मुले मधूनच शाळा सोडतात आणि जागा रिकाम्या होतात. त्या जागांसाठी आठवीतल्या मुलांची परीक्षा घेऊन नववीत प्रवेश देतात. त्यात गणित, विज्ञान, इंग्रजी आणि हिंदी असते.

आणि आठवीत आणखी एक परीक्षा आहे, तिची माहिती फार थोड्या घरांत असते. तिला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा म्हणतात. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलाला ती देता येते. आईबापाचे वर्षाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षी १२,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. घर सोडावे लागत नाही. याही परीक्षेत मानसिक क्षमतेचा भाग असतो. पाचवीत जी रांगोळी आणि कागदाच्या घड्या करून घेतल्या, त्या इथे पुन्हा उपयोगी पडतात. त्या वर्षी उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून लवकर काढून ठेवावा. शेवटच्या आठवड्यात तिथे फार गर्दी होते.